इंदूरचा खड्डा आणि सुरतेचे पिंप : सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे जीवनकार्य

जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत स्वच्छ सर्वेक्षणाचे पुरस्कार प्रदान झाले, तेव्हा देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान इंदूर आणि सुरत या दोन शहरांना विभागून मिळाला. सुरतेच्या दृष्टीने हा मान विशेष मोलाचा होता. १९९४ च्या सप्टेंबरात याच शहरात प्लेगची साथ आली होती. लाखो लोक घरेदारे सोडून गेले होते आणि रस्त्यांवर साचलेल्या कचऱ्याची छायाचित्रे जगभर पोहोचली होती. त्या लाजिरवाण्या अनुभवातून सुरतेने धडा घेतला. इंदूरचा कचऱ्याशी असलेला संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. कचरा ही फेकून देण्याची वस्तू नसून ते मातीचे देणे आहे, हा विचार आधुनिक विज्ञानाच्या भाषेत प्रथम ठामपणे मांडला गेला तो होळकरांच्या इंदुरात, १९२४ ते १९३१ या काळात. तो मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव होते अल्बर्ट हॉवर्ड.

सुरत जिल्ह्याच्या ग्रामीण भागात या विचाराचे एक निराळे रूप आज पाहावयास मिळते. तापीकाठची काळी जमीन, बारडोली, मढी, सायण, चलथाण येथील सहकारी साखर कारखाने आणि ऊसतोडीसाठी डांग-खानदेशातून येणाऱ्या मजुरांचे तांडे हे या भागाचे परिचित चित्र. त्यात अलीकडे नैसर्गिक शेतीची भर पडली. १० जुलै २०२२ रोजी सुरतेत नैसर्गिक शेतीची परिषद भरली आणि जिल्ह्यात ग्रामपंचायतीमागे ७५ शेतकरी या वाटेवर आणण्याच्या उपक्रमाची देशभर चर्चा झाली. या शेतीच्या केंद्रस्थानी असते ते एक पिंप. २०० लिटर पाण्यात गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती कालवून त्यात जीवामृत मुरत ठेवले जाते. सजीव विरजण पातळ करून मातीला पाजावयाचे, ही त्यामागची कल्पना. घरच्या बागेसाठी मुरलेले कंपोस्ट पाण्यात घोळून त्याचा अर्क काढणारे बागप्रेमी हीच कल्पना लहान प्रमाणावर राबवतात. हॉवर्ड यांच्या इंदूरच्या गोठ्याशेजारीही असाच एक काला रोज कालवला जात असे. तो कशासाठी होता आणि कशासाठी नव्हता, हे समजून घ्यावयाचे तर त्या माणसाचे आयुष्यच पाहावे लागते.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी झाला. वडील शेतकरी होते. बालपण गुराढोरांत आणि शेताच्या बांधावर गेले. पुढे लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण प्रथम श्रेणीत पूर्ण केले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजला गेले. बार्बाडोस बेटावर मुख्य ठाणे असलेल्या तेथील कृषी खात्यात ऊस आणि इतर पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे, हे त्यांचे काम होते.

तेथेच त्यांच्या मनात पहिली ठिणगी पडली. रोग झालेली पाने त्यांच्या टेबलावर येत, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसे आणि अहवाल लिहिला जाई. पण उपाय सुचवणाऱ्या शास्त्रज्ञाला स्वतःचे एक गुंठाही शेत नव्हते. आपण सांगितलेला उपाय आपण स्वतः कधी करून पाहिलेला नाही, ही जाणीव या शेतकऱ्याच्या मुलाला बोचू लागली. १९०३ मध्ये इंग्लंडला परतल्यावर वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप्स या वेलपिकावर काम केले. तेथील शेतकरी नरवेल उपटून टाकीत असत. परागीभवन होऊ दिल्यास पीक लवकर वाढते आणि अधिक निरोगी राहते, असे हॉवर्ड यांनी दाखवून दिले. निसर्गाची स्वतःची रीत मोडली की रोग शिरकाव करतो, हे सूत्र त्यांच्या हाती लागले ते येथे.

पुसा आणि गॅब्रिएल

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, भीषण दुष्काळांच्या पार्श्वभूमीवर, बिहारमधील पुसा येथे सरकारी कृषी संशोधन संस्था उभी राहिली. हेन्री फिप्स या अमेरिकन दात्याने दिलेल्या देणगीचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. १९०५ मध्ये हॉवर्ड या संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल केवळ शास्त्रज्ञाच्या पत्नी नव्हत्या. केंब्रिजमध्ये प्रकाशसंश्लेषणावर त्यांनी केलेले संशोधन वनस्पतिशास्त्रात आजही आदराने उल्लेखिले जाते. पुसा येथे आरंभीची काही वर्षे त्यांनी वेतनाविना काम केले. १९१३ मध्ये त्यांची द्वितीय शासकीय वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रीतसर नेमणूक झाली. त्या काळी एका स्त्रीला असे पद मिळणे ही असाधारण गोष्ट होती. पुढील सर्व काम या दोघांचे मिळून झाले. शोधनिबंधांवर दोघांची नावे असत.

गव्हाचे सुधारित वाण हे या दांपत्याचे पहिले मोठे यश. पुसा ४ आणि पुसा १२ हे वाण उत्तर हिंदुस्थानात दूरवर पोहोचले. त्यामुळे हॉवर्ड यांची ख्याती झाली खरी, परंतु त्यांचे लक्ष बियाण्यापुरते मर्यादित राहिले नाही. पुसा येथे त्यांनी स्वतःसाठी जमीन मागून घेतली आणि ती आसपासच्या शेतकऱ्यांच्या पद्धतीने कसावयास घेतली. या शेतकऱ्यांची पिके कीटकनाशकांवाचून आणि रासायनिक खतांवाचून बऱ्याच अंशी निरोगी कशी राहतात, हा प्रश्न त्यांना पडला होता. परदेशी शिकून आलेला साहेब निरक्षर कुणब्याला शहाणपण शिकवतो, हीच त्या काळची रीत. हॉवर्ड यांनी ती उलटी फिरवली. शेतकरी आणि पिकावरील किडी या दोघांना त्यांनी आपले गुरू मानले. कोणते पीक चुकीच्या जागी आहे आणि कोणत्या मातीची कूस रिती झाली आहे, हे कीड आपण होऊन दाखवून देते, असे त्यांचे म्हणणे होते.

बैलांच्या बाबतीतही त्यांना असाच अनुभव आला. त्यांच्या गोठ्याला लागूनच संस्थेचा मोठा गोठा होता आणि तेथे लाळ-खुरकुताची साथ येई. हॉवर्ड यांचे बैल कुंपणावरून आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावीत, तरीही त्यांना लागण झाली नाही. सकस मातीतील वैरणीमुळे हे घडले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर हे निरीक्षण पुरेसे ठरत नाही. बैलांची संख्या थोडी होती आणि तुलनेची शिस्तबद्ध व्यवस्था नव्हती. लाळ-खुरकुतावर लस हाच उपाय आहे, याविषयी आता दुमत नाही. हॉवर्ड यांच्या विचारातील बळ आणि दुबळेपणा हे दोन्ही या एका प्रसंगात एकवटलेले दिसतात. डोळे उघडे ठेवून पाहणे हे त्यांचे बळ, तर पाहिलेल्यावरून फार मोठी उडी घेणे हा त्यांचा दोष.

१९१० पासून काही वर्षे उन्हाळ्यात हे दांपत्य बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे जात असे. फळबागांना पाणी मोजून कसे द्यावे, नाजूक फळे दूरच्या बाजारपेठेपर्यंत शाबूत कशी पोहोचवावीत, अशा प्रश्नांत त्यांनी तेथे लक्ष घातले. शेतातील रोपापासून बाजारातील पेटीपर्यंत सगळा धागा एकच आहे, ही त्यांची दृष्टी. पुसा येथील व्यवस्था नेमकी याच्या उलट होती. तेथे वनस्पतिशास्त्र एका खात्यात, रसायन दुसऱ्यात, कीटकशास्त्र तिसऱ्यात आणि बुरशीशास्त्र चौथ्यात. रोप मात्र एकच आणि तेही मातीत. ते रोप चार कपाटांत वाटून टाकणाऱ्या व्यवस्थेत आपले काम पुढे जाणार नाही, हे हॉवर्ड पतिपत्नींनी ओळखले आणि स्वतंत्र संस्थेचा आराखडा सिद्ध केला.

होळकरांच्या नगरीत

कापसावरील संशोधनासाठी स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी या आराखड्याला पैसा पुरवला. होळकर दरबाराने इंदूर येथे ३०० एकर जमीन दिली. १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या नावाने संस्था सुरू झाली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. इंदूरची जमीन काळी, चिकण आणि कापसाची. पावसाळ्यात ती चिखल होते, तर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दक्षिण गुजरातच्या शेतकऱ्याला या जमिनीची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

या जमिनीला हवे होते कुजलेले सेंद्रिय द्रव्य, म्हणजेच ह्यूमस. आणि ते कोठून आणावयाचे, हाच मोठा प्रश्न होता. गावातील शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जाई. उरलेले उकिरड्यावर ऊनपावसात पडून अर्धे सत्त्व गमावी. पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा जाळून टाकला जाई. अमेरिकेच्या एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया आणि जपानमधील शेतीवर लिहिलेला ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शेकडो पिढ्या त्याच जमिनीतून पीक घेणारे चिनी शेतकरी काडीकचरा आणि मैला यांतील कणही वाया जाऊ देत नाहीत, हे हॉवर्ड यांनी त्यात वाचले होते. तिकडची ही जुनी रीत इकडचा गोठा आणि आधुनिक जीवाणुशास्त्र यांच्याशी जोडण्याचे काम त्यांनी इंदुरात हाती घेतले.

या कामात त्यांचे प्रमुख सहकारी होते यशवंत डी. वाड. कुजण्याच्या क्रियेतील नत्राचा हिशेब, मोजमापे आणि रासायनिक बाजू यांत वाड यांचा वाटा मोठा होता. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थ आणि त्यांचे ह्यूमस या विषयावरील ग्रंथ प्रकाशित केला, त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी वाड यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीचा जागतिक इतिहास लिहिताना हे दुसरे नाव बहुधा गाळले जाते.

तीन महिन्यांची रीत

इंदूर पद्धत या नावाने जगभर गेलेली ही रीत तशी साधी आहे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि केवळ २ फूट खोल. खोली मुद्दामच कमी ठेवलेली, कारण त्याहून खाली हवा पोहोचत नाही आणि हवेवाचून कचरा कुजत नाही, तो सडतो. पऱ्हाट्यांसारखा टणक माल आधी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मग ओला व सुका असा सर्व प्रकारचा काडीकचरा एकत्र करून तो बैलांखाली अंथरत. रात्रभरात तो तुडवला जाई आणि मूत्राने भिजे. गोठ्याची जमीन फरशीची नव्हती, मातीचीच होती. मूत्र मुरलेली ती माती ठरावीक काळाने खणून काढून, बारीक करून खतात मिसळत. जोडीला लाकडाची राख असे. कचरा, शेण, मुरलेली माती, राख, पाणी आणि हवा, एवढेच काय ते साहित्य.

आणि येथेच तो काला येई. शेण, राख, मूत्रमाती आणि आधीच्या खड्ड्यातील बुरशी धरलेले अर्धवट कुजलेले खत पाण्यात कालवून तयार केलेला हा पातळ राडा खड्ड्याच्या थराथरावर शिंपडला जाई. दुधाला विरजण लावावे, तसेच हे नव्या कचऱ्याला लावलेले विरजण होते. जुन्या खड्ड्यातील जीवसृष्टी पाण्यावर स्वार होऊन नव्या खड्ड्यात पोहोचे. काला भरणीच्या वेळी कालवावयाचा आणि वापरून टाकावयाचा. तो साठवून ठेवण्याची चीज नव्हती.

भरलेला खड्डा थोड्याच दिवसांत तापे. आतील उष्णता सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाई. त्यात तणांचे बी आणि माश्यांच्या अळ्या मरत. मग तीनदा खालीवर करावयाचे. पहिली पलटणी दोनेक आठवड्यांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. आरंभी बुरशींचे राज्य असे, नंतर जीवाणूंचे. तीन महिन्यांत हाताला भुसभुशीत लागणारे, काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होई. दुर्गंधी सुटली किंवा माश्या जमल्या, तर हवा कमी पडली असे समजावयाचे आणि पलटणी करावयाची. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून तेव्हा जमिनीवरच दोन फूट उंचीचा ढीग रचावयाचा. धो धो पावसाच्या गोव्यात खताचा खड्डा जून महिन्यात डबके होतो, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या सूचनेचे मोल कळेल. ४० बैलांच्या गोठ्यातून अशा रीतीने वर्षाला सुमारे १,००० गाड्या खत निघे.

तयार खत कोठे ठेवावे, या प्रश्नाला हॉवर्ड यांचे उत्तर ठरलेले होते. खताची कोठी म्हणजे जमीनच. पिकलेले खत उघड्यावर पडून राहिले की त्यातील नत्र हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून ते तयार होताच मातीत मिसळावे. तेथे ते सर्वांत सुरक्षित असते.

खतासाठी माणसे लागतात, आणि माणसांशी कसे वागावे याचाही हॉवर्ड यांनी विचार केला होता. इंदूरच्या संस्थेत मजुरांच्या कामाचे तास सहा ठेवले होते, मजुरी ठरल्या दिवशी हाती पडे, राहण्याची आणि औषधपाण्याची सोय होती. कमी तासांत काम अधिक आणि नीटनेटके होते, असा त्यांचा अनुभव. आजही ऊसतोडीच्या हंगामात उसाच्या फडाशेजारी पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले, तर शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रयोग किती पुढचा होता, हे ध्यानात येते.

वियोग आणि विरोध

१९३० च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले. पंचवीस वर्षे संसार आणि संशोधन एकत्र चालवणारी ही जोडी अशी अचानक दुभंगली. इंदूरचे काम ऐन फळाला आले असताना हॉवर्ड यांचे मन तेथून उठले आणि १९३१ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. पुढे गॅब्रिएल यांची बहीण लुईझ यांच्याशी त्यांनी विवाह केला. हॉवर्ड यांचे उत्तरायुष्यातील लेखन आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या कार्याची नोंद लुईझ यांच्यामुळेच टिकून राहिली.

१९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. केनियातील कॉफीचे मळे आणि हिंदुस्थान-सिलोनमधील चहाचे मळे इंदूर पद्धत वापरू लागले. विशेष म्हणजे ज्या कापसासाठी संस्था उभारली होती, त्या कापसाच्या शास्त्रज्ञांनी या कामाचे स्वागत केले नाही. आपापल्या शाखेत बीजनिवड आणि रोगनिवारण करणाऱ्यांना उकिरड्याकडे वळण्याचा हा उपदेश रुचला नाही. इंग्लंडमध्ये विरोध अधिक तीव्र होता. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी मांडलेल्या विचारापासून वनस्पतीचे अन्न म्हणजे काही मोजकी रसायने, हे समीकरण रूढ झाले होते. नत्र, स्फुरद आणि पालाश गोणीतून आणून टाकले की काम झाले, या वृत्तीवर हॉवर्ड यांनी कठोर टीका केली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट हा त्यांचा ग्रंथ गॅब्रिएल यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. मुळांभोवतीच्या बुरशी आणि माती यांचे नाते, जंगलाची स्वतःची शेती, मातीचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य यांचा सांधा असे अनेक विषय त्यात आले आहेत. या ग्रंथापासून प्रेरणा घेऊन अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे नियतकालिक सुरू केले. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बॅल्फर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन स्थापन झाली. स्वभावाने हट्टी असलेले हॉवर्ड त्या संघटनेत मात्र गेले नाहीत.

त्यांचे सर्वच दावे काळाच्या कसोटीवर उतरले नाहीत, हेही नमूद करावयास हवे. ह्यूमस असले की रोग फिरकणार नाही, ही त्यांची श्रद्धा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. वाढत्या लोकसंख्येला केवळ शेणखतावर पोसता येईल का, या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी सोपे करून टाकले. परंतु माती हा निर्जीव भुसा नसून जिवंत व्यवस्था आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन आज मृदाशास्त्राचा पाया बनले आहे.

गांधीजी आणि शहराचा कचरा

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदूरला गेले होते. त्यांनी आवर्जून या संस्थेला भेट दिली आणि खत तयार करण्याची रीत पाहिली. त्याच वर्षी हरिजन पत्रातून इंदूर पद्धतीची माहिती गावोगावच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचली. हॉवर्ड यांच्यानंतर संस्थेची धुरा सांभाळणारे जॅक्सन आणि वाड यांनी तीच पद्धत वस्तीतील कचरा आणि मैला यांना लावून दाखवली. शहराची घाण आणि शेताची भूक या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच खड्ड्यात आहे, हा त्याचा अर्थ. सुरतेला साठ वर्षांनी प्लेगच्या रूपाने जो धडा मिळाला, त्याचे उत्तर कागदावर केव्हाच लिहून झाले होते.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९४७ रोजी, सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मीराबेन यांच्या पुढाकाराने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. गांधीजींनी तिच्या कामाला पाठिंबा दिला. पुढे अन्नटंचाई आली, मग हरितक्रांती आली आणि खताचा खड्डा मागे पडला. इंदूरच्या त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.

पिंपातले आणि मातीतले

आता पुन्हा सुरतेच्या पिंपाकडे वळावयास हवे. जीवामृत असो वा कंपोस्टचा अर्क, हॉवर्ड यांचे आयुष्य त्याविषयी दोन गोष्टी शिकवते. पहिली, पातळ अर्क हे विरजण आहे, दूध नव्हे. १० किलो शेण २०० लिटर पाण्यात कालवल्याने जमिनीला लागणारे सेंद्रिय द्रव्य मिळत नाही. त्यातील जीवजंतूंना खावयास मातीवर पाचट, पालापाचोळा, मुरलेले खत असावे लागते. ज्या फडात तोडणीनंतर पाचट पेटवून दिले जाते, तेथे पिंप कितीही निगुतीने ढवळले तरी विरजण रिकाम्या भांड्यातच पडणार. दुसरी गोष्ट साठवणुकीची. जीवामृत सावलीत, गोणपाटाने झाकून, दिवसातून दोनदा ढवळून साधारण दोन दिवस मुरवतात आणि आठवड्याभरात संपवतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलेल्या अर्कातील प्राणवायू जीवजंतूच संपवून टाकतात. मग डबा फुगतो, आंबूस दुर्गंधी सुटते आणि उपयोगी जीवांची जागा अपायकारक जीव घेऊ शकतात. असा वास आलेला अर्क भाजीच्या पानांवर फवारू नये. साठवावयाचे असेल तर खत साठवावे, ओलसर, सावलीत आणि हवा खेळती ठेवून. अर्क लागेल तेव्हा, लागेल तेवढाच काढावा.

गोव्याच्या कुळागरांत सुपारीच्या मुळाशी पाला आणि शेणखत घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. फोंडा-सत्तरीतील बागायतदाराला ती कोणा साहेबाने शिकवली नाही. हॉवर्ड यांचे मोठेपण हेच की त्यांनी ती शिकवण्याचा आव आणला नाही. अशाच बागायतदारांच्या, कुणब्यांच्या बांधावर ते शिकण्यासाठी बसले. जे पाहिले, ते मोजले आणि जगापुढे मांडले. ज्ञानाचे श्रेय शेतकऱ्याला देणारा हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या नावामागे झाकले गेलेले गॅब्रिएल हॉवर्ड व यशवंत वाड यांची आठवण ठेवावयाची, तर त्यासाठी पुतळ्याची गरज नाही. परसातला पाचोळा आगपेटीपासून वाचला आणि दोन फूट उंचीच्या ढिगात विसावला, तरी पुरेसे आहे.